पोलादाचे कोडे : 'कॉनन द बार्बेरियन' (१९८२) या चित्रपटाचे इतिहासदृष्ट्या रसग्रहण

प्रास्ताविक

१४ मे १९८२ रोजी अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेला 'कॉनन द बार्बेरियन' हा चित्रपट ज्या प्रकारात मोडतो, त्याला इंग्रजी साहित्यव्यवहारात 'सोर्ड अँड सॉर्सरी' असे नाव आहे. तलवार आणि जादूटोणा ही या प्रकाराची दोन अंगे होत. अशा कथांना एखादे नेमके नाव हवे, असे ब्रिटिश लेखक मायकेल मूरकॉक यांनी १९६१ मध्ये सुचविले आणि अमेरिकन लेखक फ्रिट्झ लायबर यांनी हे नाव दिले. नाव उशिरा मिळाले. कथा मात्र त्याआधी तीस वर्षांपासून लिहिल्या जात होत्या.

गंभीर चित्रपटसमीक्षेने या प्रकाराकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले आहे. एका दृष्टीने हा पौगंडवयातील मुलांचा करमणुकीचा प्रकार ठरतो. दुसऱ्या दृष्टीने तो रोनाल्ड रेगन यांच्या राजवटीतील बलोपासनेचा सांस्कृतिक आविष्कार ठरतो. रेगन जानेवारी १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी आले आणि त्याच महिन्यात या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू झाले, हा योगायोग दुसऱ्या मताला सोयीचा आहे. तथापि या दोन्ही मतांचा आधार एकच दिसतो, तो म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचा देह. पडद्यावर तो देह इतका ठळक आहे की, त्याच्याभोवती रचलेल्या कथेकडे पाहण्याची गरज अनेकांना वाटली नाही.

प्रत्यक्षात जॉन मिलियस दिग्दर्शित या चित्रपटाने एक प्रश्न पहिल्याच प्रसंगात मांडला आहे आणि तो अखेरपर्यंत सोडलेला नाही. सामर्थ्य कशात असते? पित्याने दिलेले उत्तर आणि शत्रूने दिलेले उत्तर, ही दोन्ही उत्तरे चित्रपटात तपासली जातात आणि दोन्ही अपुरी ठरतात. बलोपासनेचा आरोप ज्या कलाकृतीवर होतो, तीच बळाविषयी इतकी साशंक असेल, तर आरोपाची फेरतपासणी आवश्यक ठरते. ती करताना चित्रपटातील खऱ्या दोषांकडे काणाडोळा करण्याचे कारण नाही.

कल्पित पुराकाळाची जडणघडण

कॉननचे जनक रॉबर्ट अर्विन हॉवर्ड (१९०६-१९३६) हे टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स या लहानशा गावात राहत असत. वडील ग्रामीण भागात वैद्यकी करीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्या परिसरात खनिज तेल सापडले. गावे वर्ष-दोन वर्षांत फुगली, पैसा आला, त्यामागोमाग जुगार, हाणामाऱ्या आणि फसवणूक आली. विहिरी आटताच सारे ओसरले. संस्कृती कशी उभी राहते आणि कशी सडते, याचे हॉवर्ड यांचे आकलन ग्रंथांइतकेच या अनुभवातूनही घडले होते. पुढे मंदीचे दिवस आले. 'विअर्ड टेल्स' हे त्या काळी स्वस्त, खरखरीत कागदावर छापले जाणारे मासिक होते. त्याच्या डिसेंबर १९३२ च्या अंकात कॉननची पहिली कथा प्रसिद्ध झाली. ती वस्तुतः हॉवर्ड यांच्याच कल नावाच्या दुसऱ्या एका नायकाच्या नाकारल्या गेलेल्या कथेचे पुनर्लेखन होती. त्यानंतरच्या चार वर्षांत त्या मासिकात एकूण १७ कॉननकथा आल्या. आई अखेरच्या बेशुद्धीतून परतणार नाही, हे कळल्यावर ११ जून १९३६ रोजी हॉवर्ड यांनी आत्महत्या केली. त्यांचे वय तीस होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला या कथांमध्ये सर्वाधिक रस वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यांचा काळ. हॉवर्ड यांना ऐतिहासिक कथा लिहिण्याची आवड होती, पण संदर्भ तपासण्यास लागणारा वेळ आणि ग्रंथालय त्यांच्यापाशी नव्हते. यावर त्यांनी तोडगा काढला. अटलांटिसच्या बुडण्यानंतरचा आणि आर्यांच्या उदयापूर्वीचा असा एक 'हायबोरियन' कालखंड त्यांनी कल्पिला आणि त्याचा सलग इतिहास एका निबंधाच्या रूपाने स्वतःसाठी लिहून काढला. त्यातील नावे मात्र खऱ्या इतिहासातून उचलली. कॉननची जमात सिमेरियन. हे नाव होमर आणि हिरोडोटस या दोघांकडेही आढळते. सेट हा मिसरचा देव, तर क्रॉम या देवाचे नाव आयरिश परंपरेतून आले. वाचकाला नाव ओळखीचे वाटावे, पण तपशिलाची चूक काढता येऊ नये, अशी ही योजना होती.

या नकाशावर भारतही आहे. त्याचे नाव 'वेंध्या'. ते विंध्यावरून घडविले आहे, हे सांगावयास नको. त्याच्या उत्तरेला 'हिमेलियन' पर्वत आणि त्यापलीकडे 'अफघुलिस्तान'. १९३४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' या दीर्घकथेत वेंध्याचा राजा भुंदा चंद आणि त्याची बहीण यास्मिना येते. तिला पदवी दिली आहे ती 'देवी' अशी. फारसी वळणाचे नाव आणि संस्कृत पदवी एकाच स्त्रीला चिकटवताना लेखकाला काही विसंगत वाटले नाही. वायव्य सरहद्दीवरील ब्रिटिश साहसकथांच्या वाचनातून आलेला हा हिंदुस्थान आहे. भारतीय वाचकाला तो हसू आणतो, आणि हा कल्पित पुराकाळ कोणत्या साम्राज्याच्या सावलीत रचला गेला, हेही दाखवून देतो.

याच काळात हॉवर्ड आणि एच. पी. लव्हक्राफ्ट या दोन लेखकांत रानटीपणा श्रेष्ठ की सुसंस्कृतता, असा दीर्घ पत्ररूप वाद चालू होता. हॉवर्ड रानटीपणाची बाजू घेत. त्यांच्या दृष्टीने रानटी समाज निष्ठुर खरा, पण सुसंस्कृत समाजाचे क्रौर्य अधिक योजनाबद्ध आणि अधिक ढोंगी असते. इटलीने १९३५ मध्ये इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा या वादाला प्रत्यक्ष राजकारणाचा संदर्भ मिळाला. लव्हक्राफ्ट मुसोलिनीच्या बाजूचे होते. हॉवर्ड यांनी फॅसिझमचा तिटकारा व्यक्त केला आणि संस्कृतिप्रसाराच्या नावाने चाललेल्या त्या स्वारीचा दंभ दाखविला. दुसरीकडे, त्यांच्या स्वतःच्या कथांत वंशविषयक पूर्वग्रह ठिकठिकाणी आहेत. कॉननच्या वारशात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

हॉवर्ड यांच्या मृत्यूनंतर कॉनन काही वर्षे विस्मरणात गेला. १९५० च्या दशकात त्याच्या कथा पुस्तकरूपाने आल्या; १९६६ पासून 'लान्सर' प्रकाशनाच्या स्वस्त आवृत्त्या फ्रँक फ्रॅझेटा यांच्या मुखपृष्ठांसह निघू लागल्या आणि १९७० मध्ये 'मार्व्हल'ची चित्रकथा-मालिका सुरू झाली. आज सर्वांच्या डोळ्यांसमोर असणारा पिळदार, काळवंडलेल्या प्रकाशातला कॉनन हा फ्रॅझेटांच्या कुंचल्याचा आहे. चित्रपट निघाला तो या प्रतिमेवरून.

पटकथेपासून पडद्यापर्यंत

पहिली पटकथा ऑलिव्हर स्टोन यांनी लिहिली. ती जगाच्या विनाशानंतरच्या भविष्यकाळात घडत होती आणि तीत विकृत प्राण्यांचे सैन्य होते. खर्चाचा अंदाज ४ कोटी डॉलरच्या घरात गेला. निर्माते दिनो दे लॉरेंतिस यांच्याकडे प्रकल्प आल्यावर मिलियस यांनी ती जवळजवळ नव्याने लिहिली. स्टोन व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेले. मिलियस यांना दम्यामुळे सैन्यात प्रवेश मिळाला नव्हता आणि ती खंत त्यांनी कधी लपविली नाही. 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) या व्हिएतनामवरील चित्रपटाचे ते सहलेखक. युद्ध पाहिलेला आणि युद्ध हुकलेला अशा दोन माणसांची नावे या पटकथेवर एकत्र आहेत, ही गोष्ट सहज विसरण्याजोगी नाही.

मिलियस यांनी हॉवर्ड यांच्या कथांतून सुटे प्रसंग घेतले. मनोऱ्यातील चोरी एका कथेतली, वृक्षावर खिळण्याचा प्रसंग दुसरीतला, मृत प्रेयसीने संकटकाळी परतून येणे तिसरीतले. खलनायक थल्सा डूम तर कॉननचा शत्रूच नव्हे; तो कलच्या कथांमधला, कवटीच्या चेहऱ्याचा मांत्रिक. कथेचा कणा मात्र हॉवर्ड यांच्याकडे नाही. बालपणी झालेला गावाचा संहार, गुलामगिरी आणि सूड हे सर्व चित्रपटाने घातले. हॉवर्ड यांचा कॉनन स्वेच्छेने भटकायला निघालेला, हसणारा, खिन्न होणारा, बोलका साहसवीर आहे. चित्रपटातला कॉनन घडविला गेलेला आहे, आणि तोही त्याच्या शत्रूंनी.

जानेवारी ते मे १९८१ या काळात स्पेनमध्ये चित्रीकरण झाले. फ्रँकोच्या मृत्यूला तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती. २३ फेब्रुवारीला माद्रिदमध्ये सशस्त्र सैनिकांनी संसदेत घुसून बंडाचा प्रयत्न केला, तेव्हाही हे काम चालू होते. अल्मेरियाच्या ओसाड टेकड्यांवर सर्पपंथाच्या मंदिराच्या पायऱ्या उभारल्या गेल्या. कलादिग्दर्शक रॉन कॉब हे एकेकाळचे राजकीय व्यंगचित्रकार. त्यांनी वेगवेगळ्या संस्कृतींतील घटक असे मिसळले की कोणतीही वास्तू एका देशाची वाटू नये. हॉवर्ड यांनी नावांच्या बाबतीत जे केले, तेच कॉब यांनी दगड, कातडे आणि लोखंड यांच्या बाबतीत केले. फरक एवढाच की, नाव वाचून पुढे जाता येते. वस्तू मात्र कॅमेऱ्यासमोर खरी दिसावी लागते. कॉब यांच्या रेखाटनांवरून दोन मुख्य तलवारी जोडी सॅमसन या कारागिराने घडविल्या. तलवारबाजीचे शिक्षण कियोशी यामाझाकी यांनी दिले आणि गुरूच्या छोट्या भूमिकेत ते पडद्यावरही दिसतात.

मिलियस यांचे ऋण उघड आहे. गावावर चालून येणारे शिरस्त्राणधारी घोडेस्वार आयझेनस्टाइन यांच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' (१९३८) मधील ट्युटॉनिक सरदारांची आठवण करून देतात. मरणोन्मुख कॉननच्या अंगावर मांत्रिक अक्षरे रेखाटतो, तो प्रसंग मासाकी कोबायाशी यांच्या 'क्वायदान' या जपानी चित्रपटातून आला आहे. या उसनवारीत लपवाछपवी नाही. जुन्या कथाकाराने दुसऱ्याची गोष्ट आपल्या गोष्टीत गुंफावी, तशी ती आहे.

मौनाची वीस मिनिटे

चित्रपटाची श्रेष्ठता सर्वांत स्पष्ट दिसते ती आरंभीच्या भागात. प्रथम तलवार घडताना दिसते. भट्टी, वितळलेले पोलाद, साचा, हातोडा, बर्फात विझविलेले पाते. नंतर पर्वतशिखरावर पिता आपल्या लहान मुलाला देवांची आणि राक्षसांची गोष्ट सांगतो. पोलादाचे रहस्य पूर्वी देवांपाशी होते, ते रणांगणावर मागे राहिले आणि माणसांना सापडले. या जगात माणूस, स्त्री, पशू यांपैकी कोणावरही विसंबता येत नाही. विसंबायचे ते या पोलादावर. पोलादाचे हे कोडे मुलाने उलगडावे, अशी पित्याची आज्ञा आहे. पित्याची ही शिकवण हेच चित्रपटातील पहिले उत्तर.

त्यानंतर सुमारे वीस मिनिटे जवळजवळ संवाद नाहीत. निवेदक मांत्रिकाची मोजकी वाक्ये आणि बेसिल पोलेदुरिस यांचे संगीत एवढ्यावर कथा पुढे जाते. गावावर स्वार तुटून पडतात. ज्या पित्याने पोलादावर विसंबण्यास सांगितले, तो तलवार हाती असताना कुत्र्यांकडून फाडला जातो. त्याची तलवार थल्सा डूमच्या हाती येते. शेवटी बर्फात उरतात त्या मुलगा आणि आई; आईच्या हातात तलवार, मुलाचा हात तिच्या दुसऱ्या हातात. डूम शिरस्त्राण काढतो आणि तिच्याकडे नुसता पाहतो. तिचे शस्त्र हळूहळू खाली येते. तो पाठ फिरवितो, आणि वळता वळता पित्याच्याच तलवारीचा एक वार करतो. कॅमेरा वार दाखवीत नाही. मुलगा स्वतःच्या हाताकडे पाहतो. त्यातून आईचा हात सुटत जातो. या संपूर्ण प्रसंगात डूम एक शब्दही बोलत नाही. हिंसेने भरलेला म्हणून हिणवल्या गेलेल्या चित्रपटातील सर्वांत भीषण क्षण असा निःशब्द आहे.

पुढे येते ते वेदनेचे चक्र. साखळदंडांनी जखडलेली मुले एक प्रचंड लाकडी चक्र ढकलीत फिरतात. ऋतू बदलतात, मुले एकेक करून नाहीशी होतात. लहान पायांच्या जागी मोठे पाय दिसू लागतात आणि अखेर चक्र ढकलणारा एकटाच उरतो. तो मान वर करतो तेव्हा श्वार्झनेगर यांचा चेहरा प्रथम दिसतो. हे चक्र कशासाठी आहे, ते चित्रपट सांगत नाही. पण प्रेक्षकाला भुरळ घालणारा तो देह वर्षानुवर्षांच्या गुलामगिरीचे उत्पादन आहे, हे मात्र तो नि:संदिग्धपणे दाखवितो. त्या काळच्या व्यायामशाळांच्या भिंतींवर झळकलेली प्रतिमा तिच्या मूळ संदर्भात पाहिली, तर ती एका वेठबिगाराची प्रतिमा आहे.

याच भागाच्या शेवटी चित्रपटातील सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उत्तर येते. पूर्वेकडील एक सेनानी आपल्या शिष्यांना विचारतो की, आयुष्यातील उत्तम गोष्ट कोणती? एक तरुण मोकळे माळरान, वेगवान घोडा, मनगटावरचा ससाणा आणि वारा यांची नावे घेतो. सेनानी त्याला चूक ठरवितो आणि कॉननला विचारतो. कॉनन शत्रूचा संहार आणि त्यांच्या स्त्रियांचा आक्रोश यांचे उत्तर देतो. सभा खूश होते. हे उत्तर चंगीझखानाच्या नावावर असलेल्या एका वचनावरून घेतले आहे. चंगीझखानाचे लोकप्रिय इंग्रजी चरित्र हॅरल्ड लँब यांनी १९२७ मध्ये लिहिले होते, आणि हॉवर्ड हे लँब यांच्या कथांचे चाहते होते. त्यामुळे हे उसने वाक्य एका अर्थी योग्य घरात आले. लोकस्मृतीने मात्र त्याला चित्रपटाचा संदेश मानले आहे. प्रसंगाची रचना वेगळेच सांगते. उत्तर देणारा अजून गुलाम आहे. मल्ल म्हणून त्याच्यावर पैजा लागलेल्या आहेत, तालीम आणि अक्षरओळख मालकाच्या इच्छेने झालेली आहे आणि तो मालकांच्या सभेत परीक्षेला बसला आहे. मोकळ्या माळरानाची ओढ सांगणारा तरुण नापास झाला, हे त्याने पाहिले आहे. पुढील संपूर्ण कथेत या उत्तराला कोठेही पुष्टी मिळत नाही. शत्रूचा संहार अखेरीस होतो. पण त्यातून आनंद मिळाल्याची छटाही नायकाच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

पोलेदुरिस यांच्या संगीताविषयी स्वतंत्र निबंध व्हावा. रोममधील सुमारे ९० वादकांचा ताफा आणि लॅटिन शब्द गाणारा समूहस्वर यांच्या साहाय्याने त्यांनी जवळपास अखंड संगीत रचले. संवादांची जागा संगीताने घ्यावी, ही दिग्दर्शकाची अपेक्षा होती आणि ती त्यांनी पूर्ण केली. चित्रपट प्रदर्शित झाला तो मात्र एकमार्गी ध्वनीसह. खर्च वाचविण्याच्या नादात निर्मात्याने आपल्याच चित्रपटाचे सर्वांत मोठे बलस्थान अर्धे झाकले.

पोलाद आणि देह

दुसरे उत्तर डूमकडून येते. सूडाच्या शोधात निघालेला कॉनन त्याच्या पर्वतावर पकडला जातो. तोपर्यंत डूम लुटारूंचा सरदार राहिलेला नाही. तो एका सर्पपंथाचा धर्मगुरू आहे आणि नगरानगरांतील तरुण मुले-मुली घरे सोडून त्याच्यामागे निघाली आहेत. जेम्स अर्ल जोन्स यांनी ही भूमिका कोठेही आवाज न चढविता केली आहे. पोलादाची ओढ आपण तरुणपणीच सोडून दिली, असे तो कॉननला जवळजवळ पित्याच्या मायेने समजावतो. मग उंच कड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीला खुणेने बोलावतो. ती कड्यावरून पाऊल पुढे टाकते आणि खाली पडून मरते. तलवार ज्या हातात असते, तो हात आणि त्यामागचे मन ताब्यात असेल, तर तलवारीची मातब्बरी ती काय, असा त्याचा युक्तिवाद आहे.

१९८२ च्या अमेरिकन प्रेक्षकाला हा प्रसंग अपरिचित नव्हता. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयाना देशातील जोन्सटाउन येथे जिम जोन्स या धर्मगुरूच्या आज्ञेवरून नऊशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शेकडो मुले होती. आपली मुले कोणत्या तरी पंथात नाहीशी होतील, ही भीती त्या दशकातील अमेरिकन घरांत खोलवर शिरली होती. राजा ऑसरिकचा प्रसंग या भीतीवर उभा आहे. माक्स फोन सिडो पडद्यावर येतात ते काही मिनिटांपुरते. सिंहासन, रत्ने, राज्य यांतील चमक संपते आणि उरतो तो अपत्यावर प्रेम करणारा बाप, हे तो राजा तीन चोरांसमोर कबूल करतो. पित्याच्या तोंडचे पोलादाचे तत्त्वज्ञान येथे प्रथमच दुसऱ्या एका पित्याकडून खोडले जाते. या दृष्टीने हा चित्रपट रेगनकाळाची नांदी कमी आणि सत्तरीच्या दशकाचा पश्चात्ताप अधिक आहे. फुले घालून मिरवणारे पंथीय दाखविताना मिलियस यांनी हिप्पी चळवळीचा हिशेब चुकता केला, हे खरे. तो भाग आज ओबडधोबड वाटतो.

आक्षेप

चित्रपटावर घेतलेले आक्षेप हलके नाहीत. 'शिकागो सन-टाइम्स'चे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एकंदरीत अनुकूल परीक्षण लिहिले. मात्र उत्तर युरोपीय ठेवणीचा नायक एका कृष्णवर्णीय पुरुषाचे शिर कापून पायऱ्यांवरून फेकतो, या दृश्याने त्यांना अस्वस्थ केले आणि त्यांना नाझी प्रचारपटांची आठवण झाली. प्रारंभी नीत्शेचे वचन, मध्यंतरी बलवंत देहाचे पूजन आणि अखेरीस हा शिरच्छेद, अशी मालिका लावली तर आक्षेप अधिकच बळावतो. जोन्स यांना सरळ लांब केस आणि निळे डोळे देऊन डूमला सर्व वंशांपलीकडचा, प्राचीन वाटेल असा दाखविण्याचा प्रयत्न दिसतो. पण प्रेक्षक अभिनेत्याला ओळखतो. १९८२ मध्ये हे दृश्य ज्या देशात दाखविले गेले, त्या देशाचा इतिहास कोणत्याही वेशभूषेने झाकला जाणार नव्हता. चित्रपटाची बाजू घेणाऱ्यांनी ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

स्त्रियांच्या चित्रणाबाबत निर्णय तितका सोपा नाही. दासी, चेटकीण, भुरळ पडलेली राजकन्या हे ठरीव साचे येथे आहेतच. परंतु सँडल बर्गमन यांनी साकारलेली व्हॅलेरिया त्यांत बसत नाही. मुळात नर्तकी असलेल्या बर्गमन यांच्या तलवारीत जी गती आहे, ती श्वार्झनेगर यांच्या तलवारीत नाही. मृत्यूच्या दारातील कॉननसाठी ती भुतांशी झुंजते, आणि त्याची किंमत देवांनी आपल्याकडून वसूल करावी, हेही तीच ठरविते. पुढे तिच्या चितेजवळ सुबोताई रडतो. कॉनन सिमेरियन असल्याने रडणार नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण रडतो, असे तो सांगतो. बलोपासक चित्रपटात असा प्रसंग शोधून सापडणार नाही.

फॅसिझमच्या आरोपाचे उत्तर मात्र वंशाच्या प्रश्नापासून वेगळे काढून द्यावे लागते, आणि ते अखेरच्या दृश्यांत आहे.

दोन शिरच्छेद

टेकाडांवरील लढाईत डूमचा सरदार रेक्सॉर कॉननसमोर येतो. त्याच्या हातात आहे ती कॉननच्या पित्याची तलवार. कॉनन थडग्यात सापडलेल्या प्राचीन तलवारीने तिच्यावर प्रहार करतो आणि ती तुटते. ज्या पोलादावर विसंबण्याची आज्ञा होती, ते पोलाद मुलाच्याच हातून मोडले गेले. पहिले उत्तर येथे संपते. कॉनन ती मोडकी तलवार उचलून घेतो.

रात्री मंदिराच्या पायऱ्यांवर हजारो अनुयायी मशाली घेऊन उभे आहेत. वर एकटा डूम, खाली प्रकाशाचा समुद्र. न्यूरेंबर्ग येथील नाझी मेळाव्यांच्या चित्रफिती पाहिलेल्या प्रेक्षकाला ही रचना ओळखू येते. आणि ती खलनायकाच्या बाजूला ठेवलेली आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. कॉनन मागून येतो. डूम त्याच्याकडे तसेच पाहतो, जसे त्याने एकदा आईकडे पाहिले होते. कॉननला जगण्याची इच्छा आणि बळ आपणच दिले. आपण त्याचे पिता आहोत. आपण नसलो तर तो कोण उरेल, असे तो मृदू स्वरात विचारतो. (दोनच वर्षांपूर्वी 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटात जोन्स यांच्याच आवाजाने दुसऱ्या एका नायकाला पितृत्वाचा असाच धक्का दिला होता; प्रेक्षागृहात ती आठवण जागी झाली नसेल तरच नवल.) कॉननचा हात क्षणभर खाली येतो. डूमचे म्हणणे खोटे नाही, हीच या क्षणाची खरी भीती आहे. चक्राचे दृश्य पाहिलेल्या प्रेक्षकाला ते ठाऊक असते.

मग वार होतो. आईचा शिरच्छेद ज्या पात्याने झाला, त्याच पात्याच्या उरलेल्या तुकड्याने. पहिल्या प्रसंगी एकच वार पुरला होता. येथे मोडक्या तलवारीने काम कष्टाने करावे लागते. शिर पायऱ्यांवरून घरंगळत जाते.

आता मशालधारी जमावासमोर नव्या नायकाने उभे राहावे, जयघोष व्हावा, अशी अपेक्षा कोणत्याही बलोपासक कथेत असती. येथे तसे होत नाही. कॉनन भाषण करीत नाही. एकही अनुयायी त्याला वंदन करीत नाही. माणसे एकामागून एक पुढे येतात, हातातली मशाल कुंडातील पाण्यात विझवितात आणि अंधारात निघून जातात. देहावर सत्ता गाजविणारे दुसरे उत्तर असे पाण्यात विझते. कॉनन त्या रिकाम्या पायऱ्यांवर बराच वेळ एकटा बसून राहतो. नंतर उठून जळते पात्र भिरकावतो आणि मंदिर पेटवून देतो. संगीत या वेळी विजयाचे सूर लावीत नाही.

आर्थिकदृष्ट्या चित्रपट यशस्वी झाला. सुमारे २ कोटी डॉलर खर्चाच्या मानाने अमेरिकेतच जवळपास ४ कोटींचे उत्पन्न आले आणि अनुकरणांची लाट उसळली. १९८४ मध्ये रिचर्ड फ्लायशर यांनी दुसरा भाग दिग्दर्शित केला. तो अधिक हलका, अधिक बोलका होता आणि त्यात पोलादाचे कोडे नव्हते. २०११ च्या नव्या आवृत्तीत हाणामारी भरपूर होती. मौनासाठी मात्र जागा ठेवलेली नव्हती.

मिलियस यांच्या चित्रपटाचे शेवटचे चित्र वेगळ्याच काळातले आहे. मस्तकावर मुकुट, पांढुरकी होत चाललेली दाढी, हनुवटीला टेकलेली मूठ. वृद्ध होऊ लागलेला कॉनन सिंहासनावर बसला आहे आणि त्याच्या मुद्रेवर थकवा आहे. तो राजा कसा झाला, ती दुसरी कथा, असे निवेदक सांगतो. पुढे मिलियस यांनी त्या वृद्ध राजाची पटकथा लिहिलीही. तिचा चित्रपट झाला नाही.